मगनवाडीचा हिशेब

वर्ध्यात १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने तसा ठराव केला होता. संघाला जागा मिळाली ती जमनालाल बजाज यांच्या बागेत. चरख्याच्या कामात हयात घालवून १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, संघटक आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन ही नावे होती आणि घनश्यामदास बिर्लाही होते. गिरण्यांना पर्याय शोधणाऱ्या संस्थेला गिरणीमालकाने सल्ला द्यायचा आणि व्यापाऱ्याने जागा द्यायची, अशा गमती या चळवळीत पहिल्या दिवसापासून आहेत. त्याच बजाज घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी देशाच्या मध्यमवर्गाला स्कूटरवर बसवले.

कापडापुरते काम चरखा संघ १९२५ पासून करत होता. ग्रामोद्योग संघाने कापडापलीकडचे घर तपासायला घेतले: तेल, तांदूळ, गूळ, कागद, साबण, चामडे, दिव्याचे इंधन. तपासण्याजोगे बरेच घडत होते. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि चार-पाच वर्षांत देशातले साखर कारखाने तीस-बत्तीसवरून सव्वाशेच्या पुढे गेले. भात सडण्याच्या गिरण्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या होत्या. रॉकेल बर्मा-शेलसारख्या परदेशी कंपन्यांचे होते. मुंबईत शिवडीला लिव्हर कंपनीच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून १९३२ पासून माल बाहेर पडू लागला होता. शेतकरी पिकवत होता तेच सगळे, पण कच्चा माल म्हणून ते गावाबाहेर जाई आणि डब्यात, पुड्यात किंवा पोत्यात बंद होऊन पैसे मोजून परत येई. मधली सडणी, कांडणी, गाळणी ही कामे आणि त्यांची मजुरी गावातून उठली होती.

कुमारप्पा हा या कामासाठी कोणी सहज निवडला असता असा माणूस नव्हता. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला हिशेबनिसी शिकून त्यांनी मुंबईत हिशेब तपासनिसाची पेढी चालवली. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात व्यापार व्यवस्थापन आणि कोलंबियात सार्वजनिक वित्त हे विषय घेतले. कोलंबियातला त्यांचा प्रबंध ब्रिटिश राज्याची करपद्धती आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांवर होता. तो छापायचा म्हणून १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधींना भेटले आणि कोट-पाटलोणीची मुंबई त्यांना परत दिसली ती पाहुणा म्हणूनच. गांधींनी त्यांना आधी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला पाठवले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी ती केली, आणि एखाद्या कंपनीचे खाते तपासावे तसे गावाचे जमा-खर्च मांडले.

पुढे मगनवाडीतून लिहिताना ही तपासनिसाची सवय त्यांनी सोडली नाही. १९३६ च्या ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ या पुस्तकात त्यांनी मांडलेला मुद्दा नव्वद वर्षांनंतरही जुना झालेला नाही. वस्तूची किंमत म्हणून दुकानात जे मोजले जाते, तो तिच्या खर्चाचा एक भाग असतो. ती कोणाच्या जमिनीवर, कोणत्या मजुरीत, कोणाला काय सोसायला लावून तयार झाली, हा उरलेला भाग. घेणारा पैसे देतो तेव्हा या उरलेल्या भागालाही तो संमती देत असतो. चोरीचा माल स्वस्त मिळाला म्हणून तो घेणारा निर्दोष ठरत नाही. दूर देशी बनलेल्या वस्तूमागची परिस्थिती सामान्य ग्राहकाला तपासता येत नाही. म्हणून जिचा करणारा डोळ्यांसमोर आहे ती वस्तू घ्यावी, हा कुमारप्पांचा निष्कर्ष. जवळून घेण्यामागे देशाभिमानापेक्षा तपासणीची सोय त्यांना महत्त्वाची वाटत होती. स्वदेशीच्या नेहमीच्या भाषेपासून ते इथे वेगळे पडतात: मुंबईचा गिरणीवाला हिंदी आहे एवढ्यावर त्याचे कापड त्यांच्या लेखी शुद्ध होत नव्हते.

हा हिशेब मगनवाडीत सर्वांत स्पष्ट दिसला तो तेलाच्या घाण्यावर. पारंपरिक बैलघाणा म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली दगडी किंवा लाकडी उखळ, तिच्यात तिरपी उभी राहणारी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि त्यावर वजन. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरतो, लाट उखळीच्या कडांवर बी चिरडत राहते, थोडे पाणी शिंपडले की तेल सुटू लागते आणि खाली पेंड घट्ट बसते. विदर्भात तीळ, जवस, करडई, भुईमूग हे सगळे असेच गाळले जाई. गिरणीच्या मानाने घाण्यात पेंडीत तेल जास्त राहते, आणि कारखान्याच्या हिशेबात ते नुकसान असते. गावाच्या हिशेबात ते नुकसान नाही, कारण पेंड त्याच गावातल्या गायी-बैलांच्या दावणीत जाते आणि तिथून शेणाच्या रूपाने शेतात. गिरणीची पेंड व्यापाऱ्याकडे जाते, तेल्याचे काम जाते, बैल रिकामा होतो. मात्र जुना घाणा आहे तसाच चांगला, असे मगनवाडीने धरले नाही. झवेरभाई पटेल यांनी वर्षानुवर्षे खटपट करून उखळीच्या आणि लाटेच्या रचनेत फेरफार केले. एका बैलाला एका वेळी जास्त बी गाळता येईल असा हा सुधारलेला घाणा पुढे देशभर ‘वर्धा घाणा’ म्हणून गेला.

त्याच वर्षांत समोरच्या बाजूने काय येत होते हेही पाहण्यासारखे आहे. १९३७ मध्ये डालडा बाजारात आले. तेलात हायड्रोजन मिसळून गोठवलेले, तुपासारखे दिसणारे, तुपापेक्षा पुष्कळ स्वस्त. तोपर्यंत तूप घरात कढवायचे किंवा ओळखीच्या गवळ्याकडून आणायचे. आता ताडाच्या झाडाचे चित्र असलेल्या डब्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि तो बसवण्यासाठी लिंटास या जाहिरात संस्थेने १९३९ मध्ये चित्रपटगृहातली छोटी फिल्म, रस्त्यावरून फिरणारी डब्याच्या आकाराची गाडी, पाककृतींची पत्रके अशी सर्वांगी मोहीम काढली. हिंदुस्थानात ग्राहक घडवण्याचे तंत्र इथे पहिल्यांदा इतक्या पद्धतशीरपणे वापरले गेले. गांधी आणि कुमारप्पा दोघेही वनस्पती तुपाविरुद्ध लिहीत राहिले. निदान ते तुपात मिसळून खपवता येऊ नये म्हणून त्याला रंग द्या, ही मागणी जुनीच. स्वातंत्र्यानंतर बंदीचे विधेयकही संसदेत आले. टिकाऊ आणि निरुपद्रवी रंग सापडत नाही, असे उत्तर मिळत गेले आणि तडजोड अशी झाली की वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालावे, म्हणजे प्रयोगशाळेत भेसळ ओळखता येईल. भेसळ प्रयोगशाळेत ओळखू येण्याचा स्वयंपाकघरात काही उपयोग नव्हता. कुमारप्पांची भीती नेमकी हीच होती: वस्तू दूर गेली की ती पारखण्याचा अधिकारही वापरणाऱ्याच्या हातून जातो आणि सरकारी तज्ज्ञाकडे किंवा कंपनीकडे जमा होतो.

मगनवाडीतली बाकीची कामेही याच वळणाची होती. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगन दीप’ कंदील, धूर बाहेर काढणारी ‘मगन चूल’, हातकागद, मधमाश्यापालन, कुंभारकाम. हातसडीच्या तांदळावर गांधींनी डॉक्टरांची मते मागवली. सल्लागारांत रॉबर्ट मॅकॅरिसन हे आहारशास्त्रज्ञ होतेच, आणि गिरणीत पांढऱ्याशुभ्र होणाऱ्या तांदळातून जीवनसत्त्व ब निघून जाते हे तोपर्यंत पक्के ठाऊक झाले होते. १९३५ मध्ये मगनवाडीच्या जेवणात सोयाबीनचेही प्रयोग झाले. वर्ध्याजवळच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर या ब्राह्मण कार्यकर्त्याने कातडी कमावण्याचे काम शिकून चर्मालय चालवले. १९३८ च्या डिसेंबरअखेरीस गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. हे वस्तुसंग्रहालय असले तरी तिथल्या वस्तू काचेमागे पाहून पुढे जाण्यासाठी नव्हत्या. गावकऱ्याने यावे, अवजार हाताळावे आणि तसे आपल्या सुताराकडून करून घ्यावे, अशी कल्पना होती.

अवजार कसे असावे याबद्दल ही मंडळी भाबडी नव्हती. चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटी आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही फळ्यावर लिहाव्यात अशा आहेत. यंत्र हाताने किंवा पायाने झोपडीत चालले पाहिजे. बाईला आठ तास फार न थकता चालवता आले पाहिजे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. या सगळ्या अटी एकत्र पाळणे अवघड होते. पण विकणाऱ्याच्या सोयीपेक्षा वापरणाऱ्याच्या अटींवर यंत्र बेतायचे, हा आग्रह त्यात सरळ दिसतो. आजचा फोन किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क मागणारे वेगळे काही मागत नाहीत.

स्वतः कातणे म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे, कारण चरख्याचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आणि काम फार थोड्यांच्या. कापूस आधी वेचून साफ करायचा, सलाईपट्टीवर किंवा लहान चरकीवर सरकी काढायची, धनुकलीने तो पिंजायचा, पिंजलेल्या कापसाचे बोटाएवढे पेळू वळायचे. मग एका हाताने चाक, दुसऱ्या हातात पेळू. हात मागे घेताना बोटांची पकड किती ढिली ठेवायची, हे कोणी सांगून येत नाही. पकड घट्ट झाली तर तार जाड निघते, ढिली पडली तर तुटते. चार फुटी फाळक्याचे सहाशे चाळीस फेरे झाले की एक गुंडी. माणशी वर्षाच्या कपड्याला किती गुंड्या लागतात याची कोष्टके आश्रमांत असत, आणि वस्त्रस्वावलंबी माणूस म्हणजे ती भरून काढणारा.

मात्र इतरांच्या कातण्यावर चळवळ चालवायची तर मजुरीचा प्रश्न टळत नव्हता. खादी स्वस्त ठेवायची म्हणून कातकरणीला दिवसाला दीड-दोन आणे मिळत. विनोबा भावे यांनी नालवाडीत दिवसभर कातून, त्या दराने जे मिळेल तेवढ्यातच जेवायचे, असा प्रयोग केला. पोट भरत नव्हते. १९३५ मध्ये चरखा संघाने पोटापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ तासांना आठ आणे हे गांधींनी धरलेले उद्दिष्ट होते. प्रत्यक्षातला दर त्याच्या बराच खाली राहिला, तरी खादी महागली आणि विक्रीवाले कुरकुरले. स्वस्त वस्तूमागे कोणाची तरी कमी मजुरी असते, हा मगनवाडीचा सिद्धांत इथे चळवळीच्या स्वतःच्याच दुकानाला लागू झाला.

तुरुंगातून १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधींनी चरखा संघाला याहून अवघड वळण द्यायला सांगितले. खादीची भांडारे वाढली, शहरातला गिऱ्हाईक वाढला, पण खेड्यातला कातणारा स्वतः गिरणीचेच धोतर नेसत होता. मग हे काय झाले? कातणाऱ्याने घालावे आणि घालणाऱ्याने कातावे, विक्रीसाठी नको, असा हा ‘नवसंस्करणा’चा आशय. १९४५ पासून भांडारात खादी घ्यायची तर किमतीचा काही अंश स्वतःच्या हातच्या सुतात द्यावा लागेल, अशी अट आली. खप घटला. या अटीची टवाळीही झाली, काहींनी सूत विकत आणून भरले. तरी स्वावलंबनाच्या इतिहासात ही अट फार मोलाची आहे, कारण दुकानदाराने स्वतःहून गिऱ्हाईक कमी करायचे ठरवल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीही सापडत नाहीत.

कुमारप्पांचे दुसरे मोठे पुस्तक, ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, जबलपूरच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यात त्यांनी माणसाच्या अर्थव्यवहाराचे पाच प्रकार केले. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, दुसऱ्याचे ओरबाडून नेणारा, स्वतः कष्टून मिळवणारा, समूहासाठी मिळवणारा आणि मोबदल्याविना देणारा. साधनांचेही त्यांनी दोन भाग केले: खनिज तेल आणि कोळसा हा साठा, तर नदी, जंगल, सूर्य हा प्रवाह. साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था भांडणे आणि युद्धे घडवते, असे त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मांडले. पर्यावरणाचा विचार म्हणून जगाने हे पुढे दोन-तीन दशकांनी नव्याने शोधले.

देशाने मात्र हा रस्ता घेतला नाही, आणि त्याची कारणे केवळ भांडवलदारांची कारस्थाने नव्हती. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीतून कुमारप्पा थोड्याच बैठकांनंतर बाहेर पडले. त्यांना समितीचा कल मोठ्या उद्योगांकडे दिसला. अधिक खोलवरचा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादावर टीका केली ती या मुद्द्यावर की यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला पशूच्या वरचे जीवन जगता येत नाही. हाताने कांडा, हाताने काता हे सांगणे ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त हातांचेच काम आले त्याला मुक्तीसारखे वाटत नाही. तेली, कुंभार, चांभार हे ग्रामोद्योग जातींनी बांधलेले होते. वाळुंजकरांसारख्या एखाद्याने कातडे कमावल्याने ती बांधणी सुटत नव्हती. बायकांचेही तसेच. जात्यावर पहाटे दळणाऱ्या बाईला पिठाची गिरणी आली तेव्हा आनंद झाला असणार, आणि मगन चुलीपेक्षा गॅसची शेगडी तिने निवडली यात तिचे काही चुकले नाही. स्वावलंबनाच्या कोणत्याही कार्यक्रमाला, काम कोण करणार हा प्रश्न विचारावाच लागतो. मगनवाडीने तो आश्रमात नीट सोडवला, तिथे सगळेच सगळे करत. गावात सोडवला नाही.

स्वातंत्र्यानंतर खादी सरकारच्या आश्रयाला गेली. १९५३ मध्ये मंडळ, १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग. अनुदान आले, गांधी जयंतीची सूट आली, अंबर चरखा आला, पुढे पॉलिएस्टर मिसळलेले पॉलीवस्त्रही आले. लाखो कातकरणींना चार पैसे मिळाले हे खरेच, पण सुताची अट गेली आणि खादी दुकानातल्या इतर कापडांसारखे एक कापड झाली. कापड झाल्यावर तिच्यावर हक्काचे वाद येणे ओघानेच होते. २०१८ मध्ये खादी आयोगाने फॅबइंडियावर ‘खादी’ हे नाव वापरल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटी रुपयांचा दावा लावला. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, ही अट डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती करून काढली गेली आणि यंत्रावरचा पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. त्याची झळ नांदेडसारख्या ठिकाणी ध्वजाचे कापड करणाऱ्या खादी संस्थांना बसली. सरकारने खादी वाढवली आणि सरकारनेच तिची शेवटची सक्तीची बाजारपेठ सोडून दिली.

बाजाराकडे न वळलेला धागा वर्ध्यापासून काही मैलांवर, पवनारला धाम नदीच्या काठी राहिला. विनोबांनी तिथे १९५० च्या सुमारास ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला. देणगीच्या पैशावर संस्था चालवायची नाही, जे पिकेल त्यावर जगायचे. बैलही न वापरता कुदळ-फावड्याने करायची ती ‘ऋषिशेती’. विहिरीच्या रहाटाला दांडे बसवून आश्रमवासी स्वतः तो फिरवत आणि फिरवता फिरवता म्हणायचे ते म्हणत. १९५१ च्या एप्रिलमध्ये विनोबा तेलंगणात पोचमपल्लीला गेले, तिथे भूदान सुरू झाले आणि ते पुढे तेरा वर्षे चालतच राहिले. १९५९ मध्ये पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. तिथल्या भगिनी शेती, गोठा, स्वयंपाक, छपाई ही कामे वाटून घेतात आणि निर्णय एकमताने होतात. संख्या थोडी, गाजावाजा शून्य. पण अनुदान बंद पडल्याने बंद पडावे असे तिथे काही नाही.

विदर्भाच्या शेतकऱ्याला परावलंबनाची सर्वांत कडक किंमत मोजावी लागली ती बियाण्यात. गावरान कपाशीच्या काळात सरकी घरचीच असे. पेरणीआधी ती शेणमातीच्या काल्यात चोळून वाळवायची, म्हणजे लव दबते आणि बी सुटे पडते. संकरित वाणांनी ही सवय मोडली, कारण संकरित बियाण्याची दुसरी पिढी तशी येत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जालन्याच्या महिको आणि अमेरिकेच्या मोन्सँटो यांच्या भागीदारीतले तंत्रज्ञान संकरित वाणांत घालून आले. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून जास्त पडत, आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या वापराच्या शुल्काचा होता. आंध्र सरकारने तक्रार नेल्यावर २००६ मध्ये भाव निम्म्यावर आले. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या आणि उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तो पसरला. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडे पोखरून काढली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तोवर घरची सरकी कोणाकडे उरली नव्हती. मागे फिरायचे म्हटले तरी पेरायला काय?

कायदा या बाबतीत वाटतो तितका शेतकऱ्याच्या विरुद्ध नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त ते नाममुद्रेखाली विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर आपले वाण लावल्याबद्दल खटले भरले. चौघांकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली होती. देशभर आरडाओरडा झाला आणि मे महिन्यात कंपनीने खटले मागे घेतले. पण हक्क वापरायला बी हातात लागते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीज बँक उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. शाळेत न गेलेल्या बाईला हे कसे जमले, असे आश्चर्य तेव्हा पुष्कळांनी व्यक्त केले. बी कधी पक्व झाले, कोणते कणीस राखायचे, राखेत किती दिवस ठेवायचे, हे ज्ञान शाळेत मिळतच नव्हते.

बियाण्याच्या जोडीला खत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी प्रसार केलेल्या जीवामृताची कृती आता शेतकऱ्यांना पाठ असते: एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गायीचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोनेक किलो गूळ, तेवढेच बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचे. पाळेकरांचे सगळे दावे कृषी शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, आणि पिकाला लागणारे नत्र एवढ्याने भागते का हा वाद चालूच आहे. पण या कृतीत विकत घ्यायचे म्हणजे गूळ आणि बेसन, ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते, आणि दोन्ही गोष्टी खाऊनही बघता येतात. कुमारप्पांची तपासणीची अट ती पुरी करते.

तेलाची गोष्ट मात्र उलटी फिरली आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली आणि त्यानंतर केंद्राने सुटे खाद्यतेल विकण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. राज्यांना त्यात सवलती देण्याची मुभा होती, पण गावच्या घाणेवाल्याच्या मागे बाटलीबंद विक्रीचे आणि तपासणीचे शुक्लकाष्ठ लागले. पामतेलाची आयात त्याआधी चारच वर्षे खुली झाली होती. आज देशात लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. आणि आता पुण्या-मुंबईत ‘लाकडी घाण्याचे तेल’ रिफाइंडच्या दुप्पट-तिप्पट भावाने विकले जाते. ज्या शेंगदाण्याचे तेल काढायचे तो कोणाचा, पेंड कुठे गेली, हे बाटलीवर लिहिलेले नसते. वर्ध्याच्या गोपुरीत विनोबांनी सुरू केलेल्या ग्रामसेवा मंडळाचा घाणा आणि खादी चालू आहे, गोरस भांडारातला गोरसपाक गावाबाहेर न्यायला लोक अजून रांग लावतात. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुले वाफे करतात, स्वयंपाक करतात, कातताना गणित शिकतात. शहरी दुकानातले घाण्याचे तेल आणि ही शाळा यांना एकाच माळेत ओवता येत नाही. ते तेल गिऱ्हाईक वाढवते, शाळेत गिऱ्हाईक असण्याची गरज थोडी कमी होते.

बाजाराशी फारकत न घेता स्वतःच्या अटींवर त्याच्याशी व्यवहार करता येतो का, याचे चांगले उत्तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने दिले. शंभराच्या आसपास घरे, निर्णय सर्वसहमतीने. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असेल, गावात आम्हीच सरकार, ही भूमिका गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्रभर पोचली. जिल्ह्यातला बांबू वर्षानुवर्षे दीर्घ कराराने बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात असे. गावकऱ्याने तोडला तर चोरी, कंपनीने तोडला तर उद्योग. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग ग्रामसभेने लिलाव पुकारला, कोणता बांबू तोडायचा आणि कोणता राखायचा हे स्वतः ठरवले, मजुरीचा दर स्वतः लावला, पॅन क्रमांक काढला आणि हिशेब ठेवला. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. अशा जमिनीत कसणारा कसतच राहतो, वारसाहक्कही चालतो, फक्त ती गावाबाहेरच्या कोणाला विकता येत नाही.